न मुरडलेली पानं

१२ जून

दादा,

तुझा पत्ता बाबांकडे मागितला असता तर त्यांनी दिला नसता, म्हणून तुझ्या बियाण्यांच्या कंपनीत फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, "आपण त्यांच्या कोण?" म्हटलं, धाकटी बहीण. तर म्हणतात, "अगंबाई, त्यांना बहीण आहे?" सहा वर्षांत तू कुणाला सांगितलं नसशील. असो.

मी बरी आहे. बाबाही बरे आहेत. मी अजून पीक तपासणीच्या कार्यालयातच आहे आणि सध्या माझं काम म्हणजे नसलेल्या टोमॅटोची राखण. हसू नकोस. गेल्या हंगामात चुरडामुरड्याने इथला टोमॅटो पार झोपवला. पानांच्या वाट्या झाल्या, कडा पिवळ्या पडल्या, झाडं गुडघ्याएवढी होऊन तिथेच खुंटली. तुला ते वेगळं सांगायला नको. म्हणून यंदा हुकूम निघाला की पंधरा मेपासून दोन महिने गावात टोमॅटोचं एकही झाड दिसता कामा नये. शेतात नाही, काचघरात नाही, खिडकीतल्या कुंडीतसुद्धा नाही. पांढरी माशी रोग उचलते तो आजारी झाडातून. झाडच नसलं तर जुन्या माश्या महिन्याभरात मरतात आणि नव्या पिढीला उचलायला काही उरत नाही. साधा हिशेब.

गावभर चाळीस खांब रोवून त्यांवर पिवळी चिकट कार्डं लावली आहेत, माशी पिवळ्या रंगाकडे धावते म्हणून. मी दर सोमवारी ती गोळा करते, भिंगाखाली माश्या मोजते आणि थोड्या तपासणीला पाठवते. पहिले तीन आठवडे आकडे उतरत गेले. साहेबांनी मला चहा पाजला. चौथ्या आठवड्यात आकडे पुन्हा चढले. माशी तशी वांग्यावर, तणावर जगते, त्याचं काही नाही. पण तपासणीचा कागद आला. माश्यांमध्ये विषाणू होता, ताजा. म्हणजे गावात कुठेतरी टोमॅटो उभा आहे.

आम्ही घराघरात शिरलो, गच्च्या बघितल्या, पलंगांखाली वाकलो. काही नाही. तरी रोज दुपारी उन्हात माश्यांचा पांढरा भुरका तरंगताना दिसतो, कुणीतरी दूरवर राख झटकावी तसा. त्याला आवाज नसतो, हेच वाईट. परवा एका घराबाहेर दोरीवर पिवळा रेनकोट वाळत होता. मी जवळ गेले तर तो पिवळा राहिलाच नव्हता. हात पुढे केला, तेव्हा त्याच्यावरचा पांढरा थर उठला, माझ्या चेहऱ्यावरून गेला आणि पुन्हा जागेवर बसला.

बाबांकडेही जाऊन आले. म्हणजे दारापर्यंत. "घर आवरतोय, पसारा आहे," म्हणाले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. बोटांवर हिरवट काळे डाग होते. कपाटाला रंग देतोय, म्हणाले.

मुद्द्याचं विचारते आणि थांबते. गेल्या वर्षभरात तू बाबांना काही पाठवलं होतंस का?

चिंगी


२१ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला वेळ लागत असेल, असं धरून चालते.

इथे प्रश्न मिटला आहे. सर्वांत जास्त माश्या तेवीस नंबरच्या खांबावर निघाल्या. तेवीस म्हणजे रोपवाल्या काकांच्या अंगणाला लागून. आठवतात ना? बाबांचे रोपवाटिकेतले जोडीदार. तुला पहिला रोपांचा ट्रे त्यांनीच भरायला शिकवला होता. त्यांच्या तीन काचघरांत वांग्याची आणि मिरचीची रोपं होती, त्याला परवानगी होती. पण आकडे बघून साहेब म्हणाले, "आत बघायलाच हवं." बुधवारी आम्ही आठजण गेलो.

काका दारात उभे होते. "माझ्याकडे टोमॅटोचं पान नाही. चिंगे, तू तरी सांग यांना."

मी म्हटलं, "काका, नियम आहे."

दोन तास काही मिळालं नाही. मग पाठीमागच्या सांडपाण्याच्या पाइपाशी एक रोप सापडलं, आपोआप उगवलेलं, वीतभर. कुणीतरी खाऊन थुंकलेल्या बीचं असेल. पण टोमॅटो तो टोमॅटो. तिन्ही काचघरं रिकामी केली, सगळी रोपं पोत्यांत भरून जाळली. धूर संपेपर्यंत काका हातात पाण्याची झारी धरून उभे होते. झारी भरलेली होती.

तू वाचताना म्हणशील की एका वीतभर रोपावरून एवढ्या माश्या? मीही ते म्हटलं होतं, मनात.

चिंगी


२ जुलै

दादा,

तुझं पाकीट मिळालं. घाईघाईने फोडलं. आत तुमच्या कंपनीचा छापील कागद, दुसरं काही नाही. पाकीट उलटं करून झटकलं. "मिळालं पत्र" एवढं तरी लिहायचंस.

कागद मात्र वाचला. नवं वाण, चुरडामुरड्याला दाद देत नाही, पानं शेवटपर्यंत सरळ. खाली बारीक अक्षरात: रोपात विषाणूचा शिरकाव होऊ शकतो, लक्षणं दिसत नाहीत. त्या ओळीखाली तू पेन्सिलने रेघ मारली आहेस. म्हणजे पाठवलं होतंस, आणि ते काय आहे तेही तुला ठाऊक होतं.

आता मी लपवलेलं सांगते.

सर्वांत जास्त माश्या तेवीसवर नव्हत्या. त्या सतरावर होत्या. सतरा नंबरचा खांब बाबांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. बाबांच्या बोटांवरचे डाग कसले ते मला दारातच कळलं होतं. आपण दोघं त्या डागांसकट वाढलो. शाळेत बाई आपल्याला हात धुवायला पाठवायच्या आणि ते जायचे नाहीत. शिवाय वास. टोमॅटोच्या देठाचा वास कुठल्याही रंगाला येत नाही. मी तशीच कार्यालयात गेले. कार्डांच्या पाठीवर पेनाने नंबर घालायचं काम माझंच. सतरावर तेवीस लिहिलं आणि तेवीसवर सतरा. दोन सेकंद लागले असतील. मनात एवढंच होतं की एक आठवडा मिळेल, तेवढ्यात बाबांशी बोलेन. तेवीसच्या शेजारी कोण राहतं हे मला लिहिताना आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. आठवलं होतं.

आणि एकदा केल्यावर पुढच्या सोमवारी पुन्हा करावं लागलं. कारण काकांकडचं सगळं जाळल्यावर आकडे उतरायला हवे होते आणि सतरा चढतच होता. कागदावर मात्र चढत होता तेवीस, जिथे आता मोकळी माती आहे. साहेब कार्ड हातात धरून म्हणाले, "जळलेल्या जागेतून माश्या येतात कुठून?"

ते वाक्य कार्यालयाच्या भिंतीत थांबलं नाही. लोक आता त्या रस्त्याने जात नाहीत. कुणी म्हणतं, राखेतून निघतात. कुणी म्हणतं, म्हाताऱ्याने जमिनीखाली झाडं ठेवलीत. शनिवारी चारपाच जणांनी काकांच्या काचघरात शिरून फरशी उखडली. खाली काय असणार? माती. काका खुर्चीवर बसून बघत होते म्हणे. मग त्यांनीही वाकून खड्ड्यात बघितलं. हे मला भाजीवालीने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. स्वतःच्या जमिनीवरचा त्यांचा विश्वास मी घालवला होता.

काल तुझा कागद वाचला आणि भर दुपारी बाबांकडे गेले. दार वाजवलं नाही, माझ्याकडच्या किल्लीने उघडलं.

घरात पसारा नव्हता. भांडी पालथी, चादरी ताणलेल्या. पण चप्पल जमिनीला चिकटत होती. प्रत्येक पावलाला हलका चर्र आवाज. दाराच्या मुठीवर, टेबलावर, आईच्या हार घातलेल्या फोटोच्या काचेवर तोच माश्यांचा चिकटा, आणि त्याच्यावर काजळीसारखी काळी बुरशी. फोटोत आईचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"बाबा?"

"इकडे. हळू ये. दार एकदम उघडू नकोस, उठतात."

आवाज आईच्या शिवणाच्या खोलीतून आला.

तुला ती खोली आठवते, दोन बाजूंना काच, दिवसभर ऊन. मी दार ढकललं आणि आधी मला आईच दिसली. खिडकीजवळ पाठमोरी, पांढरी शाल पांघरून उभी. माझ्या तोंडून "आई" निघून गेलं. तिने खांदे उडवले. शाल उचलली गेली, हवेत तरंगली, आणि खाली आईचा कपडे बेतायचा पुतळा उरला. अंगात तिचा अर्धा शिवलेला पिवळा झगा, टाचण्यांसकट. मग शाल हळूहळू परत उतरून त्याच्यावर बसली.

दादा, मी नऊ वर्षं माशी मोजते आहे. मला आकडे सांगता येतात. त्या खोलीतला आकडा मला सांगता येणार नाही.

आणि झाडं! चौदा झाडं, छताला टेकून पुन्हा खाली वळलेली. आईच्या रिळांतल्या लाल निळ्या दोऱ्यांनी बांधलेली. एक पान मुरडलेलं नाही, एक कड पिवळी नाही. फळांचे घोस. इतकी देखणी झाडं मी आयुष्यात बघितली नव्हती. कुणालाही वाटलं असतं, गावात रोग कुठे असेल तर इथे नाही.

बाबा शिलाई मशीनपाशी स्टुलावर बसले होते. केसांवर, भुवयांवर, बाह्यांवर माश्या. ते झटकत नव्हते. ओठ जेमतेम उघडून, उथळ श्वास घेत बोलत होते. सवय झालेली दिसत होती.

"कशी आलीत बघ," म्हणाले. "दादाने पाठवलीत."

"किती दिवस झाले?"

"बियांचं पाकीट आलं त्याच आठवड्यात लावली. वर्ष होईल. आत दुसरं काही नव्हतं गं, पण मी समजलो."

"काय समजलात?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "राग गेला त्याचा."

मी वर बघितलं. झरोका उघडा होता. त्याच्यातून पांढरा भुरका सावकाश, रांगेत असल्यासारखा, बाहेर गल्लीत चालला होता.

बाहेर आले आणि कोपऱ्यावर थांबून केस झटकले.

चिंगी


६ जुलै

दादा,

तीन दिवस विचार केला आणि मग सरळ काकांकडे गेले. साहेबांकडे आधी जायला हवं होतं, पण पाय तिकडे वळले.

काका रिकाम्या काचघरात उखडलेल्या फरशीशी बसले होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कार्डं, नंबर, बाबा. ऐकून झाल्यावर काका म्हणाले, "म्हणजे माझ्या जमिनीत काही नाही?"

"नाही, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी दिल्याही, पण नंतर, आणि मोजक्या. आईची आठवण काढून दिल्या, त्या जास्त लागल्या. मग उठून म्हणाले, "चल. मला ती झाडं बघायचीत."

"कशाला?"

"माझी जळाली ती कशापायी, ते बघू तरी."

बाबांनी दार इंचभर उघडलं, माझ्यामागे काकांना बघितलं आणि पूर्ण उघडलं. बाजूला सरून उभे राहिले.

खोलीत शिरल्यावर काकांचा राग कुठे गेला कोण जाणे. ते झाडांखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून. माश्या उठल्या, बसल्या. त्यांनी एक पान उलटं केलं. खालून ते पांढरं होतं, अंडी, पिलं, सगळी पिढीच्या पिढी चिकटलेली. वरून हिरवं, ताठ. "अरे," ते म्हणाले. नुसतं "अरे."

मी आधी झरोका लावला, मग फवारा मारला, मग पिशव्या उघडल्या. नियमाने झाड आधी पिशवीत घालायचं आणि मग मूळ उपटायचं. काका मदतीला लागले. मी सांगितलं नव्हतं. पाचव्या की सहाव्या झाडाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी पानाच्या बगलेतली कोवळी फूट खुडली, बोटभर, आणि ती त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली. चाळीस वर्षं रोपं करणाऱ्या माणसाच्या हाताने आपसूक केलेलं काम. न मुरडणारं झाड. दोन आठवड्यांत तिला मुळं फुटली असती.

त्यांनी वळून बघितलं. मी बघत होते हे त्यांना कळलं.

मी ज्याचं घर बुडवलं होतं तो माणूस. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? पिशवी उघडी धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. हात दुखेपर्यंत. त्यांनी ती फूट खिशातून काढली, क्षणभर नाकाशी धरली आणि पिशवीत टाकली.

"तुझी आई अशीच होती," म्हणाले. या वेळी ती शिवी नव्हती.

बाबा स्टुलावरून उठले नाहीत. शेवटचं झाड त्यांच्या खांद्याला टेकलेलं होतं, ते काढायला मला त्यांचा हात बाजूला करावा लागला. हात थंड होता, भर जुलैच्या दुपारी. पुतळा उचलून मी बाहेर नेला आणि झगा पिशवीत घातला. तो घालताना मी डोळे मिटले, हे तुला सांगायला हरकत नाही.

संध्याकाळच्या आत साहेबांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "चाळीस खांबांतला एक तरी आकडा खरा होता का?" म्हणाले. अडतीस खरे होते, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मला कामावरून कमी केलं आहे, चौकशी होईपर्यंत. कार्यालयाच्या दारावर काकांच्या नावाने कागद लागला आहे की त्यांच्याकडे दोष नव्हता. दोष कुणाचा, तेही लिहिलं आहे. भाजीवाली आता माझ्याकडे बघून हसत नाही.

चिंगी


२६ जुलै

दादा,

दोन महिने संपले. मला कार्डं बघायची परवानगी नाही, पण नवा मोजणीदार रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, सतरा आणि तेवीस दोन्ही कोरी आहेत. गाव पुन्हा टोमॅटो लावतं आहे. हवेत काही तरंगत नाही. तरी लोक दुपारी खिडक्या उघडत नाहीत. मीही नाही. पांढरी भिंत दिसली की मी आधी फुंकर घालून बघते, ती हलते का.

मी बाबांकडे राहायला आले. खोली तीन वेळा धुतली. पहिल्या आठवड्यात काचेच्या आतल्या बाजूला खिडकीच्या पायथ्याशी पांढऱ्या माश्यांचा ढीग साचायचा, मी रोज सुपलीने भरायचे. बाबा जेवायचे नाहीत. दुपार झाली की त्या रिकाम्या खोलीत स्टुलावर जाऊन बसायचे, ओठ जेमतेम उघडे ठेवून, तसाच उथळ श्वास घेत. मला ते बघवेना. एकदा म्हटलं, "बाबा, मोठा श्वास घ्या ना. आता काही उठणार नाही."

ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"त्या झाडांशेजारी मी टोमॅटोचं एक साधं रोप ठेवलं होतं. बाजारातलं. महिन्याभरात मुरडलं. तेव्हाच कळलं, यांच्या पोटात काय आहे ते."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "मग उपटली का नाहीत? ती काकांची रोपं..."

"चिंगे, सहा वर्षांपूर्वी दादा उपटा म्हणाला होता. आपल्या काचघरात टोमॅटोची पहिली चाळीस रोपं मुरडली तेव्हा. मी ऐकलं नाही, हजार गेली. आणि वर त्यालाच म्हटलं, तूच आणलीस माशी तुझ्या प्रयोगशाळेतून, कपड्यांवरून. आई मधे पडली तर तिलाही बोललो. तो गेला. आणि पाच वर्षांनी बी पाठवतो. ते मी उपटायचं? त्याने पाठवलेलं?"

तुला याचं उत्तर सुचतं का बघ. आणि हेही सांग, की पेन्सिलची ती रेघ मला पाठवलेल्या कागदावर आहे, बाबांच्या पाकिटात तो कागद का नव्हता? तू विसरलास, की बाबा ओळखतात का ते तुला बघायचं होतं? मी रोज वेगळं उत्तर धरते. आजचं उत्तर तुझ्या बाजूचं आहे, म्हणून आज लिहायला बसले.

परवापासून बाबा काकांकडे जायला लागलेत. कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून गेले, अंगणातल्या नळाखाली बसले आणि रिकामे ट्रे धुवायला लागले. काका आतून बघत होते म्हणे. तासाभराने त्यांनी दुसरा ब्रश आणून दिला. काल मी दोघांना डबा द्यायला गेले, तर काका म्हणत होते, "कोपरे घास, कोपरे. तुझी नजर मेली काय?" आणि बाबा कोपरे घासत होते.

हे पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहिते आहे. कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही. आत्ता पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

*पहिली चाळीस तेव्हाच उपटायला हवी होती. माशी तू आणली नव्हतीस. बी चांगलं आहे. आता पाठवू नकोस.*